वर्ध्याचा समुद्र : जुहू, दांडी आणि एक चुकलेली ओळ

आमच्या वर्ध्याच्या घरी ओसरीच्या भिंतीवर एक जुने कॅलेंडर टांगलेले असे. त्यावरचे वर्ष कधीच सरून गेले होते, पण वर गांधीजींचे छायाचित्र असल्यामुळे आईने ते कधी उतरवले नाही. ओलसर वाळूचा किनारा. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा काठीचे पुढचे टोक धरून गांधीजींना ओढत नेतो आहे. काठीचे दुसरे टोक गांधीजींच्या हातात आहे आणि त्यांचीही पावले नातवाच्या वेगाने पडताहेत. खाली छापले होते : 'दांडीयात्रा, १९३०'. लहानपणी मी समुद्र पाहिला तो त्या कागदावर. पुढे खरा समुद्र पाहिला तेव्हाही मनात पहिली तुलना त्या कॅलेंडरशीच झाली.

हे सारे आठवायला निमित्त झाले ते भाचीच्या फोनचे. ती न्यू जर्सीत असते. या हिवाळ्यात सगळे मिळून जमैकाला जाऊ, असा तिचा बेत आहे. माँटेगो बेचा डॉक्टर्स केव्ह किनारा, नेग्रिलची लांबच लांब वाळू, प्रवाळांच्या रांगांवर तोंडाला मुखवटा आणि नळी लावून तरंगायचे, म्हणजे स्नॉर्केलिंग करायचे, अशी ठिकाणांची यादीच तिने पाठवली. वर हसून म्हणाली, "मामा, तुम्ही तर वर्ध्याचे. तुम्हाला समुद्राशी काय देणंघेणं? पण या खरं."

तिचे म्हणणे वरवर पाहता बिनतोड आहे. वर्ध्याहून मुंबई रेल्वेने साडेसातशे किलोमीटरहून अधिक. जिल्ह्यात नद्या वर्धा, वेणा, धाम, बोर. त्यांचे पाणी शेवटी गोदावरीवाटे पूर्वेच्या समुद्राला मिळते, पण ते पाहायला कोण जातो? तरीही यादी वाचताना वाटले, की वर्ध्याला आजचा इतिहास दिला तो एका किनाऱ्यावरच्या मिठाने. किनाऱ्यावर माणसे विश्रांतीला का जातात, तो किनारा कोणाचा असतो, या प्रश्नांची उत्तरेही वर्ध्याच्या वाटेने शोधता येतात. या लेखात तेवढेच करायचे आहे. जाता जाता कॅलेंडरावरची ती ओळही तपासू.

मीठ येते, कापूस जातो

रेल्वेपूर्वी वऱ्हाड-नागपूरकडच्या खेड्याला समुद्र ठाऊक होता तो मिठाच्या रूपाने. लमाणांचे बैलांचे तांडे किनाऱ्याकडून मीठ घेऊन घाट चढत आणि परतताना धान्य, कापूस घेऊन जात. मीठ ही शेतात न पिकणारी, घरात न बनणारी आणि तरीही रोज लागणारी वस्तू होती. म्हणूनच ती सरकारच्या नजरेत भरली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मिठावरचा कर बुडू नये म्हणून सिंधू नदीपासून थेट मध्य हिंदुस्थानापर्यंत जकातीची एक रेषा आखली. तिच्यावर काटेरी झाडांचे कुंपण वाढवले आणि पहारे बसवले. ही रेषा १८७९ साली मोडली, पण कर राहिला. १९३० साली तो मणामागे १ रुपया ४ आणे होता. ज्याला दिवसाची मजुरी आण्यांत मिळे, त्यालाही तो चुकत नसे.

मिठाच्या उलट दिशेने कापूस जाई. हिंगणघाटच्या कापसाचे नाव इंग्लंडच्या बाजारात पोचले होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिथला कापूस आटला आणि आमच्या काळ्या जमिनीला एकाएकी भाव आला. त्याच वर्षांत, १८६२ मध्ये, नागपूरपासून तोडून वर्धा हा वेगळा जिल्हा झाला. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवले गेले आणि पुढच्याच वर्षी मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. जिल्ह्याची ही जन्मकथा कापूस, रेल्वे आणि बंदर यांची आहे. वर्ध्याने समुद्र पाहिला नसेल, पण समुद्रापलीकडच्या बाजाराने वर्धा घडवला.

सामान्य माणसाचा समुद्राशी दुसरा संबंध धर्माचा होता. समुद्रस्नान पर्वकाळी करायचे, एरवी नाही. समुद्र ओलांडायचा तर जात जाण्याची भीती. १८८८ साली मोहनदास गांधी नावाचा तरुण मुंबईहून विलायतेला निघाला तेव्हा त्याच्या जातीने त्याला बहिष्कृत केले, हे त्यांच्या आत्मकथेमुळे सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे किनारा ही मर्यादा होती. तिथे नमस्कार करून परत फिरायचे. विश्रांतीसाठी, निव्वळ मौजेसाठी तिथे जाऊन राहायचे, ही कल्पना आपल्याकडची नव्हती.

किनारा हे औषध

ती युरोपातही फार जुनी नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत समुद्रकाठ म्हणजे कोळी, खलाशी आणि चाचे यांची जागा. १७५०च्या सुमारास रिचर्ड रसेल या इंग्रज डॉक्टरने समुद्राच्या पाण्याच्या औषधी उपयोगावर पुस्तक लिहिले. रोग्यांनी समुद्रात डुंबावे, इतकेच काय ते पाणी प्यावे, असा त्याचा सल्ला होता. त्यातून ब्रायटन हे कोळ्यांचे गाव श्रीमंतांचे आरोग्यस्थान बनले. पुढे आगगाडी आली आणि आरोग्यस्थानाचे सहलीचे ठिकाण झाले. आधी औषध, मग मौज, असा हा क्रम आहे.

माझ्या भाचीच्या यादीतल्या पहिल्याच नावात हा क्रम दडलेला आहे. डॉक्टर्स केव्ह म्हणजे डॉक्टरची गुहा. माँटेगो बे येथील मॅक्कॅटी या डॉक्टरने किनाऱ्यालगतची आपली जागा १९०६ साली पोहणाऱ्यांच्या क्लबाला देऊन टाकली. तिथे एका गुहेतून पाण्यावर जाता येई, म्हणून हे नाव. १९३२च्या वादळात ती गुहा ढासळली, नाव मात्र राहिले. १९२०च्या दशकात हर्बर्ट बार्कर या विलायतेतील नामांकित हाडवैद्याने तिथल्या पाण्याचे गुण गायले, श्रीमंत पाहुणे येऊ लागले, हॉटेले उभी राहिली. आज जगाला विकली जाणारी कॅरिबियन सुट्टी अशा रीतीने एका दवाखान्याच्या ओसरीतून सुरू झाली, असे म्हणायला हरकत नाही.

त्याच दशकात, तशाच कारणाने, आपल्याकडेही एक किनारा प्रसिद्धीला आला.

१२ जानेवारी १९२४च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली. ते तेव्हा येरवड्याचे कैदी होते. शस्त्रक्रिया चालू असताना दिवे गेले आणि शेवटचे काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली. हवापालटासाठी मार्चमध्ये त्यांना जुहूला नेण्यात आले. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे एक संस्थापक नरोत्तम मोरारजी यांच्या तिथल्या बंगल्यात ते मेअखेरपर्यंत राहिले.

तेव्हाचे जुहू डोळ्यांसमोर आणायला आज कष्ट पडतात. ते मुंबई शहराच्या हद्दीबाहेर होते. नारळ-माडांच्या वाड्या, कोळ्यांची आणि भंडाऱ्यांची वस्ती, मधूनमधून धनिकांचे बंगले आणि पुढे मैलोगणती रिकामी वाळू. गांधीजींच्या त्या काळातील पत्रांवर जुहूच्या जोडीला 'पोस्ट अंधेरी' असा पत्ता असे. पण विश्रांती नावापुरतीच होती. एप्रिलमध्ये त्यांनी 'यंग इंडिया' आणि 'नवजीवन' यांचे संपादन पुन्हा हाती घेतले. कायदेमंडळात जावे की न जावे या वादावर मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास यांच्याशी त्यांची बोलणी त्याच वाळूवर झाली आणि मते जुळली नाहीत. मात्र जवाहरलाल नेहरूंनी आत्मचरित्रात या मुक्कामाची आठवण लिहिली आहे ती पोहण्याची, किनाऱ्यावर धावण्याची आणि घोड्यावरून दौडण्याची. वडील राजकारणाच्या चर्चेत आणि मुलगा लाटांत! आपल्या राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात कुटुंबासह काढलेल्या समुद्रकिनारी सुट्टीची इतकी स्वच्छ नोंद मला दुसरीकडे आढळली नाही.

पार्ल्याची छावणी

सहा वर्षांनी त्याच किनाऱ्याचा अर्थ पालटला, आणि पालटणाऱ्यांत आघाडीला वर्ध्याचा माणूस होता.

जमनालाल बजाज हे वर्ध्याचे व्यापारी. कापसाच्या पैशातून आलेली श्रीमंती, सरकारने दिलेली आणि असहकाराच्या काळात त्यांनी परत केलेली रावबहादुरीच्या तोडीची पदवी, काँग्रेसचे खजिनदारपद, आणि गांधीजींना वर्ध्यात आणण्याचा ध्यास. गांधीजी येईनात म्हणून त्यांनी आश्रमाची शाखा मागितली, आणि १९२१ साली विनोबा वर्ध्यात आले. १९३०च्या मार्चमध्ये गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले तेव्हा मुंबईच्या उपनगरांतील मोर्चा जमनालालजींनी सांभाळला. विलेपार्ल्याला सत्याग्रहींची छावणी पडली. किशोरलाल मशरूवाला, स्वामी आनंद अशी माणसे तिथे होती. छावणीची जागा निवडण्याचे कारण उघड आहे. पार्ल्यापासून जुहू चालत जाण्याइतके जवळ.

६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनी मीठ उचलले. त्याच सुमारास मुंबईत कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले पहिल्या तुकडीत उतरल्या, आणि उपनगरातील सत्याग्रहींनी समुद्राचे पाणी आणून ते उकळले. जमनालालजींना लगोलग अटक होऊन २ वर्षांची शिक्षा झाली. या साऱ्या कृतीचे मर्म तिच्या साधेपणात होते. समुद्र सर्वांचा, त्याचे पाणी भांड्यात घ्या, चुलीवर ठेवा, तळाशी जे राहील ते मीठ. एवढे करणे हा गुन्हा ठरतो, हे एकदा खेड्यातल्या बाईला दिसले की कायद्याबद्दल वेगळे काही सांगावे लागत नसे. ज्या वाळूवर सहा वर्षांपूर्वी आजारी माणूस हवा खायला आला होता, त्या वाळूवर आता पोलीस मिठाची मडकी फोडत होते.

कोकणात वेंगुर्ल्याजवळ शिरोडे येथे मे महिन्यात असाच मोठा सत्याग्रह झाला. तेथील मिठागरांवर महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या स्वयंसेवकांनी लाठ्या खाल्ल्या. वि. स. खांडेकर तेव्हा त्याच गावी शिक्षक होते. आज शिरोड्याला जाणारा प्रवासी वेळागरची वाळू आणि सुरूची बने पाहायला जातो.

पण ज्यांना समुद्रच नाही, त्यांनी काय करायचे? हा प्रश्न मध्य प्रांत आणि वऱ्हाडापुढे उभा राहिला. वऱ्हाडाने त्याचे उत्तर जमिनीखाली शोधले. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात विहिरींचे पाणीच खारट. अकोला जिल्ह्यातील दहिहांडा येथे १९३०च्या एप्रिलमध्ये त्या पाण्यापासून मीठ काढून कायदा मोडला गेला. पाण्याच्या ज्या दोषापायी पिढ्यान्‌पिढ्या बाया कोसभर हंडे वाहत आल्या, तो दोष त्या महिन्यात शस्त्र झाला. मात्र खारी विहीर सर्वत्र नसते. म्हणून पुढचे पाऊल जंगलाकडे वळले. १० जुलैला पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव रानातले गवत कापून जंगल सत्याग्रहाचा आरंभ केला आणि पावसाळ्यात तो मध्य प्रांतभर पसरला. किनाऱ्यावर मीठ, तसे रानात गवत. दोन्ही निसर्गाने दिलेली आणि दोन्हींवर सरकारी पहारा. समुद्र नसलेल्या मुलखाने मिठाच्या सत्याग्रहाचे केलेले हे भाषांतर मला मूळ कृतीइतकेच महत्त्वाचे वाटते. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात मात्र त्याला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही.

मिठामुळे सेवाग्राम

आता मुख्य मुद्दा. दांडीला निघताना गांधीजींनी प्रतिज्ञा केली होती, की स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीच्या आश्रमात परतायचे नाही. ती त्यांनी पाळली. १९३३ साली तर त्यांनी आश्रमच विसर्जित केला. मग राहायचे कुठे? जमनालालजींचे निमंत्रण कित्येक वर्षांचे होते. १९३३च्या सप्टेंबरात गांधीजी वर्ध्याला आले. नोव्हेंबरात येथूनच त्यांनी अस्पृश्यतानिवारणाच्या देशव्यापी दौऱ्याला आरंभ केला. नंतर काही काळ मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम झाले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी ते सेगावला राहायला गेले. १९४० साली या सेगावचे सेवाग्राम झाले.

मिठाने गांधीजींना वर्ध्यात आणले, असे म्हणणे पूर्ण सत्य नाही. जमनालालजींचा आग्रह, देशाच्या मध्यावरचे ठिकाण, रेल्वेचा फाटा, खेड्यात जाऊन राहण्याची त्यांची स्वतःची ओढ, ही सारी कारणे होती. पण साबरमतीचे दार बंद झाले ते दांडीच्या वाटेवर, हे विसरता येत नाही. ती प्रतिज्ञा नसती तर त्यांना नवे घर शोधण्याची निकड पडली नसती. समुद्रापासून इतक्या दूर असलेले हे मलेरियाचे खेडे जगाच्या नकाशावर आले त्यामागे किनाऱ्यावर उचललेली चिमूटभर माती आहे. शिवाय एक विसंगती अशी, की मिठासाठी देश उठवणाऱ्या या माणसाने स्वतः आफ्रिकेत असताना कस्तुरबांना पथ्य पाळायला लावण्यासाठी मीठ सोडले होते. स्वतःला नको असलेल्या वस्तूवर दुसऱ्याचा हक्क सांगायला निघणे, हे गांधीजींना शोभणारेच होते.

कॅलेंडरावरची ओळ

१९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद झाली. नयी तालीमची कल्पना तिथे मांडली गेली. त्यानंतर गांधीजी कलकत्त्याला राजबंद्यांच्या सुटकेच्या खटपटीत गुंतले आणि परतले ते रक्तदाब चढवूनच. सेगावात तो उतरेना. डॉक्टरांनी पुन्हा समुद्रकिनारा सांगितला. डिसेंबरात त्यांना जुहूला नेले आणि सुमारे महिनाभर ते तिथे राहिले. सकाळ-संध्याकाळ वाळूवर फिरणे हाच मुख्य उपचार होता.

आमच्या कॅलेंडरावरचे छायाचित्र त्या मुक्कामातले आहे. काठी ओढणारा मुलगा म्हणजे रामदास गांधींचा मुलगा कनु. हे तपासायला मोठ्या ग्रंथालयात जाण्याचीही गरज नाही, साधी बेरीज पुरे. रामदास आणि निर्मलाबेन यांचा विवाह १९२८च्या आरंभी झाला. दांडीयात्रा मार्च १९३०ची. यात्रेच्या वेळी त्यांचा मुलगा दोन वर्षांचाही नसणार. छायाचित्रातला मुलगा आठ-नऊ वर्षांचा आहे. तेव्हा १९३० हे साल चूक, दांडी हे स्थळ चूक. निर्मलाबेन पुढे दीर्घकाळ सेवाग्रामातच राहिल्या. कनुभाई अभियंता होऊन अमेरिकेत गेले, नासात काम केले, आयुष्याच्या अखेरीस भारतात परतले आणि २०१६ साली सुरतेत वारले.

चूक कशी झाली असेल, हेही समजण्यासारखे आहे. हातात काठी, पायाखाली किनारा आणि चालणारे गांधी, एवढे दिसले की आपल्याला दांडीशिवाय दुसरे सुचत नाही. थोर माणूस किनाऱ्यावर गेला असेल तर तो इतिहास घडवायलाच, असे आपण धरून चालतो. तो आजारी होता, डॉक्टरांच्या सांगण्यावरून हवा खायला गेला होता आणि नातवाबरोबर खेळत होता, हे चित्र आपल्या भिंतीला पुरेसे थोर वाटत नाही. मला मात्र खरा मजकूर कळल्यापासून ते छायाचित्र अधिक आवडू लागले आहे. त्यात एक थकलेला आजोबा आहे आणि त्याला घाई करणारे एक पोर.

जुहूचा शेवटचा मोठा मुक्काम १९४४चा. आगाखान पॅलेसच्या कैदेत महादेवभाई गेले, कस्तुरबा गेल्या. त्याआधी फेब्रुवारी १९४२ मध्ये वर्ध्याला जमनालालजी वारले होते. ६ मे रोजी सुटका झाली तेव्हा गांधीजी मलेरियाने खंगलेले होते. नरोत्तम मोरारजींचे चिरंजीव शांतिकुमार यांच्या जुहूच्या घरी त्यांना नेण्यात आले. त्यांनी मौन धरले. विजय भट्ट यांचा 'रामराज्य' हा चित्रपट त्यांना दाखवण्यात आला तो याच मुक्कामात. जूनच्या मध्यावर त्यांनी जुहू सोडले आणि पुणे, पाचगणी करून ऑगस्टच्या आरंभी ते सेवाग्रामला पोचले. दोन वर्षांपूर्वी ते निघाले तेव्हाचे सेवाग्राम आता राहिले नव्हते; ज्याच्या भरवशावर ते वसले तो माणूसही नव्हता.

किनारा कोणाचा?

जुहूचे पुढे काय झाले, ते सर्वांसमोर आहे. बंगल्यांच्या जागी हॉटेले आणि इमारती आल्या, माडांच्या वाड्या गेल्या. पण एक गोष्ट टिकली. वाळूवर जायला आजही तिकीट लागत नाही. वर्ध्याहून सेवाग्राम एक्सप्रेसने मुंबईला पहिल्यांदा गेलेले कुटुंब दादरला नातेवाइकांकडे उतरते आणि संध्याकाळी जुहूला जाऊन भेळ खाते, पँटी दुमडून पाण्यात उभे राहते. कोणी त्यांना हटकत नाही. हे सहजासहजी टिकलेले नाही. १९८१ साली इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले. त्यातून १९९१ची किनारा नियमनाची अधिसूचना निघाली. पुढे तिच्यात वेळोवेळी सवलती शिरल्या. नव्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरची २०० मीटरची बांधकामबंदी ५० मीटरवर आली आहे.

भाचीच्या जमैकात हा प्रश्न अधिक उघडा आहे. तिथे वसाहतीच्या काळातला १९५६चा किनारा नियंत्रण कायदा आहे. त्याने किनाऱ्याचे हक्क राजसत्तेकडे ठेवले. सामान्य नागरिकाला समुद्रात उतरण्याचा सरसकट हक्क त्यात नाही. परवाना घेतलेले हॉटेल आपल्या समोरची वाळू आपल्या पाहुण्यांपुरती ठेवू शकते. तिथले लोक अलीकडे त्याविरुद्ध आवाज उठवीत आहेत. ज्या कोळ्याचा आजा तिथून होडी लोटत असे, त्याच्या नातवाने कुंपणाबाहेर उभे राहायचे! १९३०चा प्रश्न हाच होता, फक्त मिठाच्या जागी आता वाळू आहे.

आणि त्या बेटाचे आपल्याशी नातेही आहे. १८४५च्या मे महिन्यात कलकत्त्याहून निघालेले 'ब्लंडेल' जहाज जमैकाच्या ओल्ड हार्बर बेला लागले. त्यात अडीचशेहून अधिक गिरमिटिये होते. गुलामगिरी उठल्यावर उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. पुढच्या सत्तर वर्षांत सुमारे ३६ हजार हिंदी माणसे त्या एका बेटावर नेली गेली. त्यांनीही तोच निळा समुद्र आणि तीच पांढरी वाळू पाहिली, पण करारावर अंगठा उठवून. ही प्रथा बंद करावी असा ठराव ४ मार्च १९१२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात मांडला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. तो नामंजूर झाला. १९१७ साली मजुरांची रवानगी थांबली, तेव्हा गोखले हयात नव्हते. भाचीला मी सांगितले आहे, की यादीत ओल्ड हार्बर बे घाल. तिथे स्नॉर्केलिंग नसले तरी चालेल.

पाण्याखाली डोकावायचेच असेल तर आपल्याकडे मालवण आहे. गेल्या फेब्रुवारीत मी तिथे गेलो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवर होडी थांबवतात, अंगात तरंगते जाकीट, तोंडावर मुखवटा, दातांत नळी. बरोबरचा पोरगा हात धरून पाण्यात उतरवतो. पहिला मिनिटभर मी फक्त घाबरलो. नाकाने श्वास घ्यायची आयुष्यभराची सवय, आणि इथे तोंडाने घ्यायचा. मग श्वास लागला आणि खाली पाहिले. प्रवाळांचे गोळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, वाळूवर हलणारी उन्हाची जाळी. हे १६६४ पासून, म्हणजे महाराजांनी या बेटावर किल्ल्याचा पाया घातला तेव्हाही, इथेच होते, आणि वरून जाणाऱ्या कोणालाही दिसले नव्हते.

मालवणच्या या पाण्याला १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केले गेले. क्षेत्र जेमतेम २९ चौरस किलोमीटर, पण तेव्हापासून मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. प्रवाळ राखायचे हे त्यांनाही मान्य, पण पिढ्यान्‌पिढ्यांचे जाळे कुठे टाकायचे, हा त्यांचा सवाल आहे. दुसरीकडे पर्यटनाने अनेक घरांत चूल पेटते आहे, आणि त्याच पर्यटकांचे पाय आणि नांगर प्रवाळ मोडतात. मला उतरवणाऱ्या पोराने पाण्यात जाण्याआधी एकच नियम सांगितला : "काका, पाय खाली टेकायचे नाहीत." जिथे सगळेच पाय टेकायला निघाले आहेत, तिथे हा नियम फक्त पाहुण्यांसाठी राहू नये, असे वाटले.

किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी आहेत. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे. मला दहिहांड्याची आठवण झाली. तिथे चहूकडे जमीन आणि विहिरीत खारे पाणी. एकाच राज्याची ही दोन टोके. वर्धा या दोहोंपासून दूर, पण दोहोंशी बांधलेले.

परत आल्यावर ते कॅलेंडर शोधून काढले. कडा फाटल्या आहेत, रंग उडाला आहे. खालची ओळ खोडली नाही; आईच्या काळचे छापील अक्षर आहे. तिच्याखाली पेनाने लिहून ठेवले : 'जुहू, डिसेंबर १९३७. प्रकृतीसाठी. सेगावहून.' भाचीला त्याचा फोटो पाठवला. तिचे उत्तर आले, "मामा, मग तिकीट काढू ना?" काढ म्हटले.